पेसमेकरचा रेट ६० वरून ७५ केल्यावर धडधड, झोपमोड: हे सेटिंगमुळे असेल का?

केतकी:
वडील ७४ वर्षांचे आहेत. पेसमेकर दोन वायरींचा, मोड डीडीडीआर (वरचे-खालचे दोन्ही कप्पे सांभाळणारा, हालचालीनुसार रेट वाढवू शकणारा), अप्पर रेट म्हणजे ठोक्यांची वरची मर्यादा १३०. थकव्याची तक्रार होती म्हणून मागच्या तपासणीत बेस रेट, म्हणजे मिनिटाला किमान ठोके, ६० चा ७५ केला आणि रेट रिस्पॉन्सही (हालचाल वाढली की रेट वाढवणारी सोय) चालू केला. दहा दिवस झाले, थकवा खरंच कमी आहे. पण रात्री डाव्या कुशीवर झोपलं की ठोके जाणवून झोप मोडते. गाडी खडबडीत रस्त्यावरून जायला लागली की बसल्याजागी धडधड सुरू होते. जिना चढताना मध्येच एकदम पाय गळाल्यासारखे होतात. शिवाय ऑक्सिमीटरवर अधूनमधून नाडी ४३ दिसते. बेस रेट ७५ असताना ४३ कसे? हे हळूहळू अंगवळणी पडेल, की सेटिंग पुन्हा बदलून घ्यावं?

रानवाट:
रात्रीचं आधी. झोपेत हृदय एरवी आपसूक मंदावतं. आता ते ७५ च्या खाली येऊच शकत नाही. मिनिटाला १५ म्हणजे दिवसाला २१,६०० जादा ठोके. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं म्हणून ते जास्त जाणवतात. बऱ्याच जणांना दोन-तीन आठवड्यांत सवय होते. नाही झाली तर दिवसाचा रेट तसाच ठेवून फक्त रात्रीचा ५५-६० करता येतो. हे बहुतेक मॉडेल्समध्ये असतं, पण मुद्दाम चालू करावं लागतं. घड्याळावर चालणारं असेल तर झोपेची खरी वेळ सांगा. पेसमेकरचं घड्याळ चुकलेलं असेल तर भर दुपारी रेट खाली येतो आणि मग मरगळ कशाची ते कुणाला कळत नाही.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे असतील तर मात्र सवयीची वाट पाहू नका. रेट वाढला की दोन ठोक्यांमधली विश्रांती आखडते आणि हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः त्याच वेळात. छातीत दडपण येत असेल तर त्याच दिवशी कळवा.

ठोका_७२:
गाडीतली धडधड रेट रिस्पॉन्सची. बहुतेक पेसमेकरांतला सेन्सर हालचाल मोजतो, श्रम नाही. खड्ड्यातले हादरे त्याला चालण्यासारखे वाटतात. याच कारणाने जिना उतरताना रेट चढतानापेक्षा जास्त वाढलेला दिसतो, आणि जागेवरची सायकल मारताना जवळजवळ वाढतच नाही. उपाय म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता एक पायरी कमी करणं. पण बदल केल्यावर तिथेच दोन-तीन मिनिटं नेहमीच्या चालीने चालवून रेट किती जातो ते बघायला सांगा. खुर्चीवर बसवून ही सेटिंग जुळत नाही.

जिन्याची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्या पायऱ्यांपासून दम वाढत जातो, की बरे चढता चढता एका क्षणी अवसान जातं? दुसरं असेल, आणि पेसमेकर हार्ट ब्लॉकसाठी (वरच्या कप्प्याचा संदेश खाली न पोहोचणं) बसवलेला असेल, तर हे तपासा: एव्ही डिले (वरच्या ठोक्यानंतर खालचा ठोका देईपर्यंतचा वेळ) आणि पीव्हीएआरपी (खालच्या ठोक्यानंतर पेसमेकर वरच्या कप्प्याकडे दुर्लक्ष करतो तो वेळ) यांची बेरीज. समजा २०० आणि ३२०, म्हणजे ५२० मिलिसेकंद. ६०,००० भागिले ५२० म्हणजे सुमारे ११५. वरच्या कप्प्याचा वेग याच्या पुढे गेला की पेसमेकरला एकाआड एक ठोका दिसत नाही. कागदावर अप्पर रेट १३० असला तरी ११५ ला गाडी अडते. रेट निम्म्यावर येऊ पाहतो आणि ७५ वर थांबतो. सेन्सर नीट बसवला असेल तर हा खड्डा थोडा भरून निघतो, पण जिन्यावर तोच सुस्त असतो.

पीव्हीएआरपी कमी केला की मर्यादा वर सरकते. फार कमी केला तर खालून उलट वर गेलेला ठोका पेसमेकर नवा ठोका समजतो आणि अप्पर रेटवर फेरा धरतो. म्हणून श्रमात एव्ही डिले आपोआप आखडणारी सोय आधी चालू करावी.

केतकी:
हो, एका क्षणीच. ब्लॉकसाठीच बसवला होता. आणि ते ४३?

निशिगंध:
बहुधा अधले ठोके, म्हणजे वेळेआधीच पडणारे. ७५ ला दोन ठोक्यांत ८०० मिलिसेकंद असतात. मध्ये ६०० वर एक अधला ठोका आला, तर तो इतका क्षीण असतो की बोटापर्यंत पोहोचत नाही. पेसमेकर मात्र त्याच्यापासून पुन्हा मोजायला लागतो. मग बोटाला नाडी १,४०० मिलिसेकंदांनी लागते, म्हणजे ४३. ठोके पडतच असतात, यंत्र मोजतं निम्मे. आकडा दिसला की मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, आणि जमलं तर त्याच वेळी ईसीजी काढा. त्यात पेसमेकरची रेघ आहे पण मागे ठोका नाही असं दिसलं तर तो वायरीचा किंवा आउटपुटचा (पेसमेकरच्या विजेच्या ताकदीचा) प्रश्न. तिथे थांबायचं नाही.

रिपोर्टची प्रत घ्या आणि खालच्या कप्प्याचं पेसिंग किती टक्के ते बघा. ब्लॉक असेल तर ते शंभराच्या जवळ असणार. वायर उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी असेल तर तिथून पडणारा प्रत्येक ठोका थोडा वाकडा पडतो, म्हणजे हृदयाच्या दोन्ही बाजू एकदम आकसत नाहीत. २००२ च्या डेव्हिड चाचणीत हृदय आधीच अशक्त असलेल्यांना ७० च्या डीडीडीआरवर ठेवल्याने, नुसत्या ४० च्या आधारावर ठेवलेल्यांपेक्षा जास्त त्रास झाला. उलट २०२३ च्या मायपेस चाचणीत ७५ च्या आसपासच्या रेटने ताठर हृदय असलेल्यांना बरं वाटलं, पण त्यांची पेसमेकर व्यवस्था ठोका वाकडा न पाडणारी निवडलेली होती. त्यामुळे ७५ चांगला की वाईट हे ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं) आणि वायरीची जागा कळल्याशिवाय सांगता येत नाही. सहा महिन्यांत इको झाला नसेल तर मागून घ्या.

भेटीपर्यंत रोज सकाळी वजन लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर धाप लागली किंवा शुद्ध हरपली तर तारखेची वाट पाहू नका. प्रत्येक त्रासाची वेळ मिनिटापर्यंत लिहून न्या. पेसमेकरमधल्या नोंदी त्या वेळेशी ताडून बघता येतात. आणि तीनही सेटिंग एकाच भेटीत बदलू देऊ नका. आधी जिन्याची, मग सेन्सर, मग रात्रीचा रेट.