आजोबांची जीप विकावी का? घरात नवी थार आलीय

हायबोनेट:
घरी आजोबांची १९७१ची महिंद्रा सीजे-थ्रीबी आहे, उंच बोनेटवाली, पेट्रोल. धाकट्या भावानं परवा महिंद्राचीच नवी थार डिझेल आणली आणि तेव्हापासून एकच विषय, जीप विका, जागा मोकळी होईल. माझं मत सरळ आहे, विकायची नाही. तिचं बोनेट उघडलं की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, फॅनबेल्ट सगळं समोर दिसतं, हात घालायला जागा असते. थारचं काही बघायचं तर आधी स्कॅनर लावा. होटगी रोडला आजोबांनी मला शिकवलं, पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी सोय) नाही त्यामुळं गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, घाई केली की खालून कर्रकन आवाज यायचा आणि आजोबा काही न बोलता नुसते माझ्याकडं बघायचे.

काळंरान:
प्रेम कळतं रे, पण मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात त्या पत्र्यावर हात ठेवून बघ बे. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, चारी चाकांना ड्रम ब्रेक. पुणे हायवेला ट्रकांच्या मध्ये लेकरं बसवून नेणार का त्यातून? थारला एअरबॅग, एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होत नाहीत, २०२० मध्ये गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं चार स्टार दिलेत. माझा चुलता दार नसलेल्या एका उघड्या गाडीतून वळणावर बाहेर पडला, अजून कंबर धरून चालतो. मला यात दुसरी बाजूच दिसत नाही.

हायबोनेट:
चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. हायवेला लेकरं नेत नाही, तिथं थारच, हे कबूल. पण रानात? जीप हलकी, पावसानंतर थारपेक्षा कमी रुतते. आणि थारमध्ये पण लो रेंजला, म्हणजे चिखला-चढात कमी वेगात जास्त जोर मिळावा म्हणून, वेगळा दांडा ठेवलाय की, तो आला कुठून? १९४७ पासून महिंद्रा विलीज जीप जोडायला लागली, तिथूनच.

सातरस्ता:
दोघं भांडताय पण कागद बघितले का? २०२१च्या नियमानं ५० वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मग रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असलंच. म्हणजे रानातल्या फेऱ्या बंद. आणि इंजिन, चासी मूळचीच पाहिजे, इकडं कित्येकांनी जीपला डिझेल इंजिन बसवून घेतलंय, त्यांची व्हिंटेज नोंदणी होत नाही.

काळंरान:
हे बरं सांगितलंस. मग नुसती झाकून ठेवायची असेल तर कुणातरी शौकीनाला दिलेली बरी की. उभी राहून गाडी कुजते.

हायबोनेट:
इंजिन मूळचंच आहे, पण व्हीए नंबर नको मला. साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करतो, जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स भरतो, चालती ठेवतो. रविवारी भावाला रानात नेतो, पहिला गिअर त्याचा त्याला टाकू दे. मग विकायचं बोलू.