एकटा की जोडीनं?
हळदी-वाढदिवसाला मानधन घेऊन नाचायला एकट्यानं जावं की जोडीनं? काही जण म्हणतात, एकट्यानं नाचलं की सगळं मानधन आपलंच. खरंय, पण एकदा हळदीत नाचून बघा. ठाणे-कल्याणकडे डीजे लागला की पाहुणेच रिंगणात घुसतात, दुसऱ्या गाण्याला आपल्याला धाप लागलेली. जोडीदार असला की एक जण कपडे बदलेपर्यंत दुसरा पब्लिक सांभाळतो. शिवाय एखादे काका दारू झोकून अंगाशी आले तर त्यांना गोडीत बाजूला घ्यायला आपलं माणूस लागतंच. रात्री १० ला स्पीकर बंद, त्यात मध्येच खंड पडला तर यजमानाचा चेहरा बघवत नाही.

वाढदिवसाला मात्र मी एकटाच जातो. वन बीएचकेच्या हॉलमध्ये दोन बाप्ये नाचणार कुठे!

आणि हो, वाटणी आधीच ठरवा, प्रवासखर्चासकट. माझी पहिली जोडी रिक्षाच्या भाड्यावरून फुटली.