परतणं आणि निघणं : तुमचे अनुभव सांगा

परदेशातलं शिक्षण संपवून मी नुकतीच घरी परतले आहे आणि धाकटी बहीण विद्यापीठात शिकायला बाहेरगावी निघाली आहे. मोठी बॅग एकच. तिच्यातून माझं सामान निघतंय आणि बहिणीचं भरलं जातंय. हँडलला विमानतळाची चिकटपट्टी अजून तशीच आहे. तिला सगळे सल्ले देतायत, याद्या करून देतायत. माझ्यासाठी कोणाकडेच काही नाही, कारण 'घरीच तर आलीय'. मला वाटतं, परतणाऱ्यालाही तितकीच तयारी लागते. यातलं काहीही अनुभवलं असेल तर मोकळेपणानं लिहा.

* * *

जाताना बुजलो, मग रुळलो. हे होणार हे ठाऊक होतं. परतल्यावर सुरुवातीचे दिवस कौतुकात गेले आणि मग एकदम रितं वाटायला लागलं. जो तो विचारायचा, 'मग, कसं होतं तिकडे?' माझं दुसरं वाक्य सुरू होईपर्यंत विषय बदललेला असायचा. घरचे ज्या गोष्टी आठवून हसायचे, त्या माझ्या माघारी घडलेल्या. पुढे वाचनात आलं की नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये परदेशात राहणाऱ्याच्या मनाचा आलेख 'यू' अक्षरासारखा मांडला होता: आधी वर, मग खाली, पुन्हा वर. १९६३ मध्ये गुलाहॉर्न या संशोधक दांपत्यानं त्याला घरी परतल्यानंतरचा दुसरा 'यू' जोडून 'डब्ल्यू' केला. सगळ्यांचंच मन असं आखून दिल्यासारखं चालत नाही. तरी हा दुसरा उतार कोणीतरी आधीच ओळखला होता, याचा मला फार धीर आला.

* * *

आधी झोपेचं बघा. पूर्वेकडे प्रवास झाला असेल तर त्रास जास्त. बहुतेकांचं शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडणं जड जातं. सावरायला साधारण एका टाइम झोनला एक दिवस धरा. तोवर 'मला इथे करमणारच नाही' असं काही ठरवून टाकू नका. पहाटे तीनला टक्क जागं असताना सगळंच भकास दिसतं.

* * *

मी हॉस्टेलबद्दल लिहिते. आई-बाबा सोडून गेले, रूममेट यायची होती, अंधार पडला आणि मला दिवा लावता येईना. बोर्डावर बटणांची रांग, कोणतं कशाचं कळेना. एकेक दाबत गेले आणि पंखा सुरू झाला तेव्हा रडूच फुटलं. घरी आपला हात न बघता बटणावर जातो, हे तोवर कधी जाणवलंच नव्हतं. माझं ठाम मत आहे, सुरुवातीच्या शनिवार-रविवारी घरी पळू नये. मैत्री त्याच दोन दिवसांत जुळते, कपडे धुवायच्या रांगेत उभं राहून.

* * *

हे मला पटलं नाही. माझी झोप उडाली होती, वर्गात लक्ष लागत नव्हतं. सरळ घरी गेले, बाबांशी पोटभर बोलले आणि तरतरीत होऊन परतले. घराच्या ओढीला १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला लिहिलेल्या आपल्या प्रबंधात चक्क आजार ठरवलं होतं आणि घरी पाठवणं हा त्यावरचा उपाय सांगितला होता. आजार म्हणायची गरज नाही, पण आठवडेच्या आठवडे असं चाललं तर विद्यापीठातल्या समुपदेशकांना जरूर भेटा.

* * *

पालकांनी लिहिलं तर चालेल ना? रात्री कडी लावण्याआधी 'सगळे आले का?' असं मी विचारायचो. मुलगी गेल्यावरही तोंडून तेच निघायचं आणि बायको नुसती बघत राहायची. मुलीची खोली धाकट्याला द्यावी का, यावरून घरात वाद झाला. शेवटी तिलाच फोन लावला. ती म्हणाली, "द्या, पण टेबल माझं राहू दे." न विचारता दिली असती तर सुट्टीत ती पाहुण्यासारखी आली असती.

* * *

टेबलाचं मनापासून पटलं. हे सगळं वाचून मी घरी सांगितलं, 'कसं होतं?' असं नका विचारू, 'सकाळी वर्गाला कशी जायचीस?' असं विचारा. काल आईनं विचारलं आणि आम्ही कितीतरी वेळ बोलत बसलो. परतून वर्ष-दोन वर्षं झालेल्यांनी एक सांगा : तिकडच्या मैत्रिणींशी संबंध कसा टिकवलात? मी मोकळी असते तेव्हा त्या झोपलेल्या असतात, आणि आमचे फोन आतापासूनच चुकायला लागलेत.