जिप्सीच्या मागच्या अ‍ॅक्सलला कोणता लॉकर? ऑटोमॅटिक की एअर?

मुळशीकर_जिप्सी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००९ ची जिप्सी किंग आहे. पावसाळ्यात मुळशी, वेल्हे, ताम्हिणीकडे बैलगाडीच्या वाटांनी फिरतो. चढावर पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक उचललं गेलं की फोर-लो मध्येही (चारही चाकांना ताकद, सगळ्यात हळू पण जोरदार गिअर) गाडी जागची हलत नाही. उचललेली चाकं गरगर फिरतात, टेकलेली दोन्ही ढिम्म. गॅरेजवाला म्हणतो, डिफरन्शियलमधले स्पायडर गिअर (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे) वेल्ड करून टाकू, स्वस्तात काम होईल. एक मित्र ऑटोमॅटिक लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा भाग) सुचवतो, दुसरा एआरबी कंपनीचा एअर लॉकर, म्हणजे बटण दाबलं की हवेच्या दाबाने लागणारा. हीच गाडी रोज ऑफिसला नेतो, बहीणही चालवते. काय करावं?

काळीमाती:
आधी टायर सांगा. हायवे टायर असतील तर मड टायर घ्या आणि चिखलात उतरण्यापूर्वी हवा १८ पीएसआयच्या आसपास आणा. निम्मं दुखणं तिथेच संपतं.

कातळवाट:
काळीमातींचं बरोबर आहे, पण चाक हवेत असेल तर टायर काय करणार? जिप्सीला पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, चाक फार खाली झुकत नाही, म्हणून ते लवकर उचललं जातं. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून टेकलेल्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतो. त्यामुळे या गाडीला लॉकरचा फायदा खरोखर मोठा आहे. पहिला लॉकर मागेच बसवा. चढावर वजन मागे येतं.

वेल्डिंग अजिबात करू नका. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. वेल्ड केलं की टायर घासत ओढले जातात, हाफ शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) ताण येतो आणि ओल्या घाटातल्या वळणावर मागची बाजू सटकते. बहीण चालवणार आहे ना? मग हा विषयच बंद.

ऑटोमॅटिक लॉकर डिफरन्शियलच्या मूळ केसमध्ये (कवचात) स्पायडर गिअरच्या जागी बसतो. क्राउन-पिनियनची (इंजिनची ताकद अ‍ॅक्सलकडे वळवणाऱ्या गिअर-जोडीची) जुळणी हलत नाही, म्हणून काम सोपं आणि खर्च कमी. पण तो एरवी लॉकच असतो. वळताना बाहेरचं चाक पुढे धावलं की कटकट आवाज करत तेवढ्यापुरता सुटतो. वळणातच अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर परत धरतो. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी, वजन जेमतेम टनभर; ओल्या डांबरावर तो झटका चांगलाच जाणवतो.

माझं मत एअर लॉकरकडे झुकतं, आणि कारण आपली तांबडी माती. कड्याच्या कडेने तिरकी जाणारी ओली वाट आठवा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरलं तरी दुसरं जमीन धरून मागची बाजू सांभाळतं. लॉक असेल तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडी उताराकडे घसरते. तिथे अडकून विंच (दोराने गाडी ओढणारं यंत्र) लावणं परवडलं. लॉक कधी हवा आणि कधी नको, हे चालवणाऱ्याच्या बोटाखाली असलं पाहिजे. सह्याद्रीत फिरणाऱ्याने पैसे याच गोष्टीसाठी मोजावेत असं मी मनापासून सांगेन.

एअर लॉकरमध्ये आख्खी केस बदलते. क्राउन नव्या केसवर चढवून बॅकलॅश (दात्यांमधली ढील) डायल गेजने मोजावा लागतो, शिम (पातळ चकत्या) टाकावे लागतात. ज्या मेकॅनिककडे डायल गेज नाही, त्याला हे काम देऊ नका. हवेची नळी सायलेन्सरपासून लांबून न्या. त्याच वेळी अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा येण्याजाण्याची नळी) वर घ्या, नाहीतर ओढा ओलांडताना हाउसिंगमध्ये (अ‍ॅक्सलच्या कवचात) पाणी शिरतं.

मुळशीकर_जिप्सी:
खूप आभार. एवढा खर्च करण्यापेक्षा गाडीच बदलावी का? थार, गुरखा, जिम्नी?

कातळवाट:
कंपनीकडूनच पुढे-मागे दोन्हीकडे लॉक हवे असतील तर गुरखा. दोन्ही लॉक चालक स्वतः लावतो. २०२० नंतरच्या थारच्या काही व्हेरिएंटना मागे मेकॅनिकल लॉकर आहे. तो दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आपोआप लागतो, म्हणजे चाक आधी थोडं फिरू द्यावं लागतं. थार रॉक्सच्या फोर बाय फोरला मागे इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. जिम्नीला लॉकर नाही. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ती काम भागवते. हलक्या गाडीला ते बरंच पुरतं.

तरी जिप्सीची चासी गंजलेली नसेल तर मी ती विकणार नाही. २०१९ पासून नवी मिळत नाही, आणि इतकी हलकी, दोन्ही अ‍ॅक्सल सॉलिड असलेली गाडी आता कुठे सापडणार?

काळीमाती:
लॉक लावताना चाक फिरत नसावं. अडथळ्याच्या आधीच लावा, पार झालं की लगेच काढा. आणि नवा लॉकर बसवल्यावर गिअर ऑइल लवकर बदला, ड्रेन प्लगला किती चुरा चिकटलाय ते बघा. बारीक राखाडी लेप चालेल, कपचे दिसले तर हाउसिंग उघडायला लावा.