मदत हवी आहे: उजेडाने चालणारं रुथेनियमचं औषध
नमस्कार मंडळी, मी म्हापशाची, एमएस्सी केमिस्ट्री करतेय, चवथीची सुट्टी संपली की लगेच सेमिनार आणि विषय घेतलाय उजेड पाडला की कॅन्सरच्या पेशी मारणारी धातूंची संयुगं. पॅलेडियमचं पॅडेलिपोर्फिन समजलं, 753 नॅनोमीटरचा लेझर, 2017 मध्ये युरोपात प्रोस्टेटसाठी मंजुरी, ठीक. अडलंय ते रुथेनियमच्या टीएलडी-1433 वर. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी ट्रायलमध्ये हिरवा उजेड वापरतात, पण हिरवा तर आत खोल जातच नाही ना, मग वरच्या थरापुरतंच मारायचं म्हणून मुद्दाम तसं केलंय का? आणि गाठीत ऑक्सिजनच कमी असेल तर सिंगलेट ऑक्सिजन (म्हणजे उजेड पडल्यावर औषध साध्या ऑक्सिजनपासून बनवतं तो पेशी मारणारा ऑक्सिजन) बनणार कुठून, नारळाशिवाय हुमण करायला सांगितल्यासारखं झालं की! कोणी यावर काम केलं असेल तर प्लीज सांगा, सर हाच प्रश्न विचारणार.