सिकलसेलचा क्रायसिस मोजायचा कसा? भरती धरायची की दुखणं?

मोहफूल_कोरची

नमस्कार. गडचिरोलीतल्या कोरची तालुक्यात सिकलसेलच्या (रक्तपेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) एका अभ्यासात मी फील्ड नर्स आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचं औषध सुरू झालेल्या पेशंटकडे वर्षभर दर महिन्याला घरी जाऊन फॉर्म भरायचा. प्रायमरी आउटकम, म्हणजे अभ्यासाचं मुख्य माप, एकच: क्रायसिसमुळे (अचानक उठणाऱ्या तीव्र दुखण्यामुळे) किती वेळा भरती झाली.

अडचण इथंच आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका गावी बारावीतली पोरगी खाटेवर पडून होती. गुडघे पोटाशी घेतलेले, मांड्यांना दुपट्टा करकचून बांधलेला, आई फडक्यात गरम वीट गुंडाळून कंबर शेकत होती. नाल्याला पूर, एसटी बंद. मी विचारलं तर म्हणते, "दवाखान्यात गेली असती तर बाबाची रोवणी राहिली असती ना मॅडम." त्या महिन्याच्या रकान्यात मी लिहिलं शून्य. रस्त्यालगतच्या गावातला एक जण याहून कमी दुखण्यात भरती झाला, त्याचा एक धरला. मग आपण मोजतो काय, दुखणं की रस्ता?

दुसरं, मी जाऊ लागल्यापासून लोक १०८ ला फोन करायला शिकले आहेत. भरती वाढणारच. कागदावर मात्र औषध लागू पडलं नाही असं दिसेल, आणि ते मला सहन होत नाही. प्रायमरी आउटकम बदलून मागावा का?

आकडेमोड_नागपूर

ताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे, पण प्रायमरी आता बदलू नका. आकडे दिसायला लागल्यावर माप बदललं की निकालावर कोणी विश्वास ठेवत नाही. तो तसाच राहू द्या. रोजच्या दुखण्याची नोंद सेकंडरी आउटकम म्हणून जोडा, एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या, सीटीआरआयवरची (चाचण्यांच्या सरकारी नोंदणीतली) माहिती तारखेसह सुधारा. आधीचे महिने आठवणीवरून भरू नका.

भरतीशी जोडलेलं हे माप जुनं आहे. १९९५ साली छापून आलेल्या अमेरिका-कॅनडातल्या हायड्रॉक्सीयुरियाच्या चाचणीत २९९ प्रौढ होते. तीव्र दुखण्यासाठी दवाखान्यात चार तासांहून जास्त थांबणं आणि अफूवर्गीय इंजेक्शन लागणं, याला तिथं क्रायसिस म्हटलं. औषधाच्या गटात वर्षाला मध्यक २.५ क्रायसिस, दुसऱ्या गटात ४.५. पण तिथं चिठ्ठी पद्धतीनं दोन गट पाडले होते, म्हणजे दवाखान्यापासून लांबचे लोक दोन्हीकडे विभागले गेले. तुमच्याकडे गट एकच. रस्त्याचा, पावसाचा, तुमच्या भेटींचा परिणाम वजा करायला समोर काहीच नाही.

रोजनिशी का हवी तेही सांगतो. व्हर्जिनियात २३२ प्रौढांकडून रोजची नोंद घेतली होती, २००८ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्याहून जास्त, ५४.५ टक्के दिवस दुखण्याचे निघाले. दवाखाना गाठलेले दिवस फक्त ३.५ टक्के. तिथं ही गत, तर कोरचीत काय असेल!

एक रकाना आवर्जून घाला: "जायला हवं होतं, पण गेले नाहीत. का?" दवाखान्याचं अंतरही लिहा. आणि मे महिन्याची तुलना रोवणीच्या महिन्याशी नको, पाऊस-थंडीनं दुखणं वाढतं हे तुम्हीही पाहता.

वैनगंगा_आशा

वही कोणी भरत नाही जी. आमच्याकडे भिंतीवरचं कालनिर्णय कामी आलं. दुखलं तर टिंब, उठवलंच नाही तर फुली, आणि बरं असलं तरी बरोबरची खूण करायचीच. चौकोन कोरा राहिला तर दुखलं नाही की खूण करायची राहिली, हे मागून समजत नाही.

शून्य ते दहा आकडे म्हाताऱ्या बायांना जमत नाहीत, चेहऱ्यांची पट्टी न्या. पण पहिला चेहरा हसरा असलेली नको. लहान पोरं मॅडमला बरं वाटावं म्हणून त्याच्यावरच बोट ठेवतात. पहिला चेहरा साधा असलेली पट्टी मिळते, ती घ्या. आणि नव्या सुनेला सासूसमोर विचारू नका, ती कधीच दुखते म्हणणार नाही.

साकोलीकर

मी स्वतः पेशंट आहे. दुखलं किती दिवस हे विचाराच, पण दुखू नये म्हणून काय सोडलं तेही विचारा. मी बांधीत उतरत नाही, रात्रीच्या लग्नाला जात नाही, थंडीत सायकल काढत नाही. तुमच्या कॅलेंडरवर माझे ते सगळे दिवस चांगले दिसतील. औषधानं खरंच फरक पडला की नाही, हे मी पुन्हा चिखलात उभा राहू शकलो का यावरून कळेल.

मोहफूल_कोरची

दादा, हे तर आमच्या एकाही फॉर्मवर नाही. "या महिन्यात दुखण्याच्या भीतीनं कोणतं काम टाळलं" हा प्रश्न मसुद्यात घातला. कॅलेंडर आणि "का गेले नाहीत" हा रकानाही घातला. आमच्या सरांनी वाचला, पुढच्या बैठकीत एथिक्स कमिटीपुढे ठेवणार आहेत. सुनांना मी विहिरीवर गाठीन.

आता एकच राहिलं. जानेवारीनंतर बरीच घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यांचं काय करू?

आकडेमोड_नागपूर

जायच्या आधी मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा, ठरल्या तारखेला फोनवर तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारा, आणि उत्तर फोनवर मिळालं असं लिहा. नाहीच लागला फोन तर "माहिती नाही". शून्य अजिबात लिहू नका.