कॉमन रूमचा एमसीबी

३०४: नमस्कार. कॉमन रूममध्ये पुन्हा जळका वास येतोय. मागच्या वेळी सांगितलं तेव्हा "काकूंना फार वास येतात" म्हणून विषय मिटवला होता. आज फोटोच टाकलाय. सॉकेटचं उजवं भोक बघा. कडेने तपकिरी झालंय, प्लास्टिक आत वाकलंय.

१०२: एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, रोज पडायचा तेव्हा हेच सगळे ओरडत होते. १६ अँपिअरचा काढून ३२ चा टाकला. महिनाभर एकदाही पडला नाही.

४०१: ३२ चा? कुणाला विचारून?

१०२: मीटिंगमध्ये सांगितलं होतं. तुम्ही नव्हता.

सेक्रेटरी: मिनिट्समध्ये "एमसीबी बदलणे" एवढंच आहे. किती अँपिअरचा ते लिहिलेलं नाही.

२०१: मिनिट्सचा विषय निघालाच आहे तर माझ्या पार्किंगचं काय झालं?

सेक्रेटरी: साहेब, ते नंतर. प्लीज.

४०१: आत्ताच खाली जाऊन रूमचा मेन बंद केलाय. हात जोडून सांगतो, कुणी चालू करू नका. टेस्टर लावून खात्री केली आणि सॉकेट उघडलं. वायर २.५ स्क्वेअर एमएमची आहे. फेजच्या स्क्रूपाशी बोटभर कव्हर काळं पडलंय, नखाने दाबलं तर तुकडाच निघाला. स्क्रूही सैल होता.
काकू, तुमचं बरोबर होतं. मी तेव्हाच उतरून बघायला हवं होतं.

३०४: धन्यवाद भाऊजी 🙏 एवढंच ऐकायचं होतं.

१०२: स्क्रू सैल होता ना? मग तो आवळा. एमसीबीचा काय संबंध? ३२ चा टाकल्यापासून एकदाही पडला नाही.

४०१: पडला नाही हेच तर वाईट झालं. एमसीबी असतो भिंतीतल्या वायरसाठी. वायरला झेपेल त्याहून जास्त करंट ओढला गेला की त्याने तोडायचं. रूममध्ये काय काय चालतं ते बघा. इंडक्शन शेगडी २००० वॉट, पाण्याची रॉड २०००, इस्त्री १५००. झाले ५५००. भागिले २३० व्होल्ट. जवळपास २४ अँपिअर.

१०२: १६ चा तर कधीकधी वीस मिनिटं चालून पडायचा. म्हणजे खराबच होता.

४०१: खराब नव्हता हो. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते, ती तापून वाकते तेव्हा तो पडतो. लोड थोडा जास्त असेल तर तिला तापायला वेळ लागतो. शॉर्टसर्किट झालं तर वेगळी यंत्रणा आहे, ती तत्क्षणी तोडते. तो बिचारा आपलं काम करत होता आणि आपण त्यालाच काढलं.

५०३: काका, एक शंका. वस्तू वाढवल्या तरी व्होल्टेज तेवढंच ना? मग करंट कसा वाढतो?

४०१: छान विचारलंस. घरातली जोडणी समांतर असते. प्रत्येक वस्तूला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि प्रत्येक जण आपापला करंट ओढतो. पण ते सगळे करंट एकत्र होऊन मागच्या एकाच वायरमधून येतात. तीन वस्तूंची बेरीज त्या एका वायरच्या डोक्यावर.

४०२: शाळेत शिकवते म्हणून भर घालते. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. जूल यांचा १८४१ चा नियम. १६ चे २४ अँपिअर म्हणजे करंट दीडपट, पण उष्णता सव्वादोनपट. स्क्रू सैल असेल तर तिथला रोध वाढतो, म्हणून सगळ्यात आधी तीच जागा जळते.

२०३: पण आपल्याकडे ईएलसीबी आहे ना? मग आगीची भीती कशाला?

४०१: ताई, हा गैरसमज फार जणांचा आहे. ईएलसीबी फक्त एवढंच बघतो की फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर तो तोडतो, कारण तो करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा अर्थिंगमधून चाललाय. ओव्हरलोडमध्ये २४ गेले, २४ परत आले. त्याला सगळं ठीकच दिसतं. उलट शॉक लागला तर १६ चा एमसीबी माणसाला वाचवणार नाही. दोन्ही लागतात.

१०१: शुभ सकाळ 🌹

२०१: शुभ सकाळ. पार्किंग?

१०२: म्हणजे सगळी चूक माझी. रात्री अकराला जिना चढून एमसीबी वर करायला मीच जायचो, तेव्हा कुणी आलं नाही.

सेक्रेटरी: तसं कुणीच म्हणत नाहीये.

३०४: म्हणत नाहीये, पण फोटो तर समोर आहे.

४०१: भाऊ, तुम्ही एकटेच जात होता हे खरंय आणि ते आम्हाला लागायला हवं होतं. पण वायर न बदलता नुसता एमसीबी मोठा करायचा नसतो. ३२ चाच हवा असेल तर आधी त्या ताकदीची जाड वायर मेन बोर्डापासून ओढावी लागेल. माझं म्हणणं, शेगडीला स्वतंत्र लाइन आणि तिचा वेगळा १६ चा. रॉड आणि इस्त्री एका वेळी नकोत.

५०३: रॉड आणि इस्त्री मिळून ३५००, म्हणजे १५ अँपिअर. १६ च्या आत बसतं की.

४०१: बसतं, पण अगदी काठावर. आणि त्याच लाइनवर पंखा आहे, मोबाईलचे चार्जर आहेत.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी दहाला वायरमन येतोय. तोवर रूम बंद. इस्त्री आपापल्या घरी.

१०२: मी येणार. ती जळलेली वायर मला बघायचीय.

४०१: या. कापलेला तुकडा पिशवीत घालून ठेवतो.